चांगुणेच्या वाटचे मीठ

खाडीच्या काठी खारकोंड नावाचे गाव आहे. तिन्ही अंगांना मिठागरे, आणि घोटभर गोडे पाणी हवे तर डोंगराकडची विहीर गाठावी लागे. अशा या खारट गावात कान्होगिरी महाराज एका हिवाळ्यात आले, उंडीच्या झाडाखालच्या धर्मशाळेत उतरले आणि गावाचेच होऊन गेले. कोणी भाकरी दिली तर खात, नाही दिली तर नामस्मरण करीत बसत. पाण्याची मात्र त्यांना कधी चिंता पडली नाही, कारण जोमा नावाचा एक मिठागरातला मजूर रोज कामावर जाण्याआधी त्यांचा घडा भरून ठेवी.

या जोमाला एकच मूल, चांगुणा. पोर मोठी गोड आणि बोलकी! त्या वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी ती उठली ती डोळे सुजूनच. काहीतरी चावले असेल, असे घरच्यांना वाटले. पण मग चेहरा फुगला, पावलांवर बोट दाबले की खळगा पडू लागला, लघवी कमी होऊन गढूळ दिसू लागली. जोमाने तिला खांद्यावर बसवून तालुक्याच्या वैद्यांकडे नेले.

वैद्य बराच वेळ नाडी धरून बसले. मग म्हणाले, "मूत्रपिंडं बिघडली असावीत. नक्की आत्ताच सांगता येत नाही. काढा देतो, आणि मीठ पूर्ण बंद. कणभरसुद्धा नाही."

त्या "असावीत"ने जोमाची झोप उडवली. होय म्हणावे तर धीर खचे, नाही म्हणावे तर पोरीची पावले समोर दिसत. सकाळी डोळे उघडले की तो आधी तिच्या पापण्या बघे. आगरातून आला की कोपरापर्यंत हात गोड्या पाण्याने धुऊन मगच तिला उचली. न जाणो, हाताचे मीठ तिच्या ओठांना लागायचे!

"महाराज, अंगारा द्या," तो पायांशी बसून रडला. "माजी एकच पोर हाय."

महाराज म्हणाले, "अंगारा घे. पण काढा चुकवायचा नाही आणि पथ्य मोडायचं नाही. तो वैद्यही देवानेच दिला आहे. बाकीचं ओझं इथे ठेवून जा."

आता खारकोंडची एक रीत होती. हंगामाचे पहिले मीठ ज्याच्या कुंडीत, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यात, पडे, त्याच्या धाकट्या मुलाने राशीची पूजा झाल्यावर ते आधी चाखायचे. त्याशिवाय मीठ विकायचे नाही. तसे झाले नाही तर मीठ रुसते आणि सगळे आगर बसते, असे लोक मानीत. आणि त्या वर्षी पहिले मीठ पडले ते नेमके जोमाच्या कुंडीत!

मिठागराचे धनी हिराजी पाटील. माणूस कर्तबगार, पण नाक कायम आभाळाकडे. जोमाने हात जोडून अडचण सांगितली, तेव्हा ते सगळ्यांदेखत हसले.

"मीठ पिकवणाऱ्याची पोर अळणी खाते! उद्या कोळ्याची पोर म्हावऱ्याला भिईल. आणि तुजा तो बुवा काय करतो? फुकट पाणी पितो नि अंगारा वाटतो, होय ना?"

पूजेच्या सकाळी सारे मजूर जमले. राशीवर हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. चांगुणा बापाचा हात धरून उभी होती, सुजल्या पापण्यांच्या फटींतून बघत. हिराजींनी मूठभर मीठ उचलले आणि तिच्यापुढे आले.

"आ कर, पोरी."

जोमा मध्ये आला. उभ्या जन्मात त्याने धन्याकडे मान वर करून पाहिले नव्हते. "धनी, कुंडी काढून घ्या, काम काढून घ्या. माज्या पोरीला मीठ नका देऊ."

मजूर चुळबुळले. त्यांना जोमाची कणव होती, पण पोट सगळ्यांनाच होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मान चांगुणेचा आहे ना? मग तिलाच विचारू या."

महाराज पुढे आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाळ, तुझ्या वाटचं मीठ मी खाऊ का?"

पोर म्हणाली, "खा. पण सगळं नका खाऊ. माज्यासाठी ठेवा."

महाराज खळखळून हसले. त्यांनी चिमूटभर खडे उपरण्याच्या टोकाला बांधले आणि हिराजींच्या हातातले उरलेले मूठभर मीठ सबंध खाऊन टाकले! वाटा मानकरणीनेच दिला होता, म्हणून मजुरांनी रीत पुरी झाली असे मानले. हिराजी तेवढे पुटपुटले, "ढोंग सगळं."

दुसऱ्या दिवशी चांगुणेला भरपूर आणि स्वच्छ लघवी झाली. हळूहळू पावले उतरली. एका सकाळी जोमाने पाहिले, तर पोर टपोऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. त्याला हुंदका आवरेना. वैद्यांनी तपासले आणि म्हणाले, "उतार पडतोय. पण पथ्य अजून राहू दे."

इकडे गावात कुजबुज सुरू झाली, की महाराज बाहेर दिसत नाहीत. हिराजींना आयतेच निमित्त मिळाले. मीठ खाऊन बुवा आडवा झाला, बघू तरी, म्हणत ते धर्मशाळेत गेले.

महाराज भिंतीला टेकून अळणी पेज पीत होते. चेहरा फुगलेला, पावले सुजलेली. पापण्यांच्या फटींतून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "या पाटील. पोर कशी आहे?"

हेच डोळे हिराजींनी पूजेच्या सकाळी पाहिले होते, चांगुणेच्या चेहऱ्यावर. आपण कुणाच्या तोंडात काय घालायला निघालो होतो, ते त्यांना तेव्हा कळले. फेटा काढून त्यांनी महाराजांच्या सुजल्या पावलांवर डोके ठेवले.

"महाराज, चुकलो."

"माझं काय बिघडवलंत? माफी मागायची तर तिची मागा," महाराज म्हणाले.

यथावकाश महाराजही बरे झाले. पावसाळ्यात खारकोंडात कोणाच्याही घरचे मीठ कोरडे राहत नाही, मडक्यातसुद्धा त्याचे पाणी होते. पुढल्या हंगामात वैद्यांनी पथ्य सोडवले, आणि राशीच्या पूजेला महाराजांनी उपरण्याची गाठ सोडली, तर आतले खडे जसेच्या तसे, पांढरे आणि कोरडे!

"घे बाळ, तुझं राखून ठेवलेलं."

चांगुणेने खडा जिभेवर ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "खारट!" सारे आगर हसले. जोमाही हसत हसत रडला. आणि हिराजी पाटील, एवढा मोठा धनी, त्या चिमुरडीपुढे वाकले आणि तिच्या इवल्याशा, न सुजलेल्या पावलांना त्यांनी हात लावला.