महाराज बोलणीच्या दिवशी आले

फार पूर्वीची गोष्ट आहे. एका मोठ्या राज्यात अकरा खोरी होती आणि अकराही खोऱ्यांवर एकाच महाराजांचं राज्य होतं. सीमा सांभाळणं, मोठे रस्ते बांधणं आणि दोन खोऱ्यांत तंटा झालाच तर तो सोडवणं, ही महाराजांची कामं. बाकी आपापल्या खोऱ्याचं आपणच पाहायचं, असा जुना रिवाज होता. महाराज मनानं भले होते. उन्हातान्हात घोड्यावरून हिंडायचे, कुणाच्याही ओसरीवर टेकून ताक मागायचे. लोकांचा त्यांच्यावर फार जीव होता. आणि खरं सांगायचं तर, लोकांचा आपल्यावर जीव आहे ही गोष्ट महाराजांना जरा जास्तच आवडायची.

या अकरांतलं एक उंबरखोरं. त्याच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं, तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाच्या मोरीतून निघालेला पाट सात गावांना पाणी देत खाली जायचा. हे पाणी सोडायचं, अडवायचं, कुणाची पाळी कधी ते ठरवायचं आणि बांधाची निगा राखायची, हे सगळं ज्याच्याकडे असे त्याला पाटकरी म्हणत. दर पाच वर्षांनी सातही गावं मिळून पाटकरी निवडायची.

निवडण्याची रीत मात्र जगावेगळी, या अकरा खोऱ्यांबाहेर कुठे नसलेली. तळ्याकाठी एका वडाखाली दगडी चौथरा होता. ज्यांना पाटकरी व्हायचं असेल त्यांनी ठरल्या दिवशी सकाळीच त्या चौथऱ्यावर येऊन बसायचं. मग सात गावांतली माणसं एकेक करून समोर यायची आणि मनात असेल ते तोंडावर बोलून दाखवायची. माझ्या पाळीच्या दिवशी तू लग्नाला निघून गेलास आणि माझी वांगी वाळली, असं कुणी म्हणायचं. तुझी म्हैस पाटात लोळते आणि गढूळ पाणी आम्ही पितो, असं कुणी. एका आजीबाईंनी तर एका चांगल्या चाळिशीतल्या माणसाला, त्यानं लहानपणी चोरलेल्या पेरूंवरून घटकाभर सुनावलं होतं.

बसणाऱ्यानं उलट उत्तर द्यायचं नाही, एवढा एकच नियम होता. ऐकायचं, आणि फार झालं तर घोटभर पाणी प्यायचं. त्या दिवसाला सगळे बोलणीचा दिवस म्हणत. संध्याकाळी प्रत्येक घराकडून एक चिंचोका घागरीत पडायचा आणि ज्याच्या घागरीत जास्त चिंचोके, तो पाटकरी. पण खरा उपयोग चिंचोक्यांचा नव्हताच. दिवसभर बोलणी खाल्ली की माणसाला आपण कुठे चुकतो ते कळायचं आणि तळ्याचं, पाटाचं कुठे काय बिघडलंय तेही कळायचं.

त्या वर्षी जुन्या पाटकऱ्याचे गुडघे गेले आणि त्यानं काम सोडलं. त्याच्या जागेसाठी दोघं उभी राहिली. एक होती माळीण. पाटाचा दगडन् दगड तिला ठाऊक होता, पण जीभ अशी की विळाही लाजावा. दुसरा होता घोडेस्वार. याच खोऱ्यातला, उमद्या मनाचा. दहा वर्षं महाराजांच्या फौजेत राहून नुकताच घरी परतला होता. एकदा पुराच्या पाण्यातून त्यानं महाराजांना पाठीवर घेऊन पैलतीरी नेलं होतं. पाण्याची त्याची ओळख तेवढीच.

बातमी राजवाड्यात पोचली, तेव्हा प्रधानजींनी महाराजांच्या कानावर घातलं, की ही माळीण निवडून येणं काही बरं नाही. मागे त्या खोऱ्यातून रस्ता काढायचा घाट घातला तेव्हा हिनंच, पाट कुठून वळवणार, पाट कुठून वळवणार, असं विचारून विचारून आपली माणसं परत पाठवली होती. तिथे आपला शब्द ऐकणारा माणूस हवा. महाराजांनी नुसतं एकदा जाऊन यावं, की काम झालं.

महाराजांना ते पटलं. घोडेस्वाराचं ऋण होतंच, शिवाय उंबरखोऱ्यात जाऊन फार दिवस झाले होते. लोक किती खूश होतील, असंही त्यांच्या मनात आलं.

वाटेत जुन्या पाटकऱ्याचं घर लागत असे. महाराज नेहमीसारखे ओसरीवर टेकले, ताक प्याले आणि कशासाठी निघालोय ते सांगितलं. म्हातारा गुडघे चोळू लागला. मग म्हणाला, "महाराज, दुसऱ्या दिवशी आलात तर न्हाई का चालायचं?"

महाराजांना नवल वाटलं. ते म्हणाले, "का? मी काय परका आहे? या तळ्यात पाणी येतं ते माझ्याच राज्यातल्या डोंगरांवरून. पाटकरी वाईट निघाला तर गाऱ्हाणं माझ्याकडेच येतं. मग चार शब्द बोलायचा मला हक्क नाही?"

"हक्क हाय की. तुमाला न्हाई तर कुनाला?" म्हातारा म्हणाला. "पर आमी बोललो की आमच्यामागं दुसरा बोलतो. तुमी बोललात की समद्यांचं बोलणं संपतं. एवढंच हाय बगा."

महाराज हसले. म्हाताऱ्याला वयामुळे उगाच शंका येतात, असं त्यांना वाटलं. माझ्यासमोर तर लोक नेहमीच मोकळेपणानं बोलतात, असं म्हणून ते उठले. ते लोक त्यांच्याशी पिकापाण्याबद्दल आणि लेकीसुनांबद्दल बोलत, महाराजांच्या माणसांबद्दल कधीच नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बोलणीच्या दिवशी सकाळी ढोलताशे वाजवत महाराज तळ्यावर आले. सात गावं लोटली होती. चौथऱ्यावर एका टोकाला माळीण बसली होती, दुसऱ्या टोकाला घोडेस्वार. महाराज थेट चढून घोडेस्वाराच्या शेजारी बसले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा माणूस आहे. याला निवडलंत म्हणजे मलाच निवडलंत असं समजा."

लोकांनी जयजयकार केला. मग महाराज म्हणाले, चालू द्या तुमची बोलणी. आणि मजा पाहायला ते सरसावून बसले.

पहिला माणूस पुढे आला. त्यानं घोडेस्वाराकडे पाहिलं, खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि गेला. दुसरीनं नारळ ठेवला. तिसऱ्यानं महाराजांच्या प्रकृतीची चौकशी केली. असे किती तरी जण आले आणि गेले. जी काही चार-दोन तोंडं उघडली ती माळणीकडे वळून. ती उर्मट आहे, ती कुणाचं ऐकत नाही, तिला मोठ्यांचा मान राखता येत नाही, असं बोलून माणसं हळूच महाराजांकडे बघत. माळीण पाण्याचे घोट घेत सगळं ऐकून घेत होती.

दुपार कलली तेव्हा एक धनगरीण आली. घोंगडी सावरत ती घोडेस्वारासमोर उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. महाराजांनी तिला हसून विचारलं, काय बाई, काही बोलायचंय का? ती म्हणाली, न्हाई महाराज, उदंड आयुष्य लाभो. आणि हात जोडून निघून गेली. किती साधी, मायाळू माणसं आहेत, असं वाटून महाराजांचे डोळे पाणावले.

संध्याकाळी घोडेस्वाराची घागर काठोकाठ भरली. परतीच्या वाटेवर महाराज प्रधानजींना म्हणाले, पाहिलंत ना, तिच्याविरुद्ध किती तक्रारी, आणि आपल्या माणसाविरुद्ध एकही नाही. प्रधानजी म्हणाले, खरं आहे. त्यानंतर महाराज आणखी तीन खोऱ्यांत, तिथल्या बोलणीच्या दिवशी, असेच जाऊन आले.

घोडेस्वार पाटकरी झाला. कामात तो आळशी नव्हता. रोज घोड्यावर बसून पाटाच्या कडेनं फेरी मारायचा आणि भेटेल त्याला विचारायचा, सगळं ठीक ना? लोक म्हणायचे, ठीकच आहे. पाळी चुकली तरी म्हणायचे ठीक आहे, पाणी शेवटच्या गावाला पोचलं नाही तरी म्हणायचे ठीक आहे. त्याला नावं ठेवणं म्हणजे महाराजांना नावं ठेवणं, आणि महाराजांना कोण नावं ठेवणार? घोडेस्वाराला वाटे, आपल्याला हे काम चांगलं जमतंय. बिचाऱ्याला तसं वाटू नये असं कुणी काही बोललंच नाही. एकदा माळणीनं त्याला पाटावर गाठून, बांधाच्या मागच्या बाजूला उतरून बघत जा, असं सुचवलं. तो काही म्हणायच्या आत आजूबाजूची माणसंच तिच्यावर धावून आली, की हरलीस म्हणून जळतेस होय. ती पुन्हा त्या वाटेनं आली नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात, भर दुपारी बांध फुटला.

धनगरीण वरच्या माळावर मेंढरं चारत होती. बांधाची पाठ खचताना तिनं पाहिलं आणि ती ओरडत खाली धावली, म्हणून माणसं वाचली. बाकी काही वाचलं नाही. खालच्या चार गावांच्या शेतांवर कमरेइतका गाळ बसला. विहिरी बुजल्या. आणि संध्याकाळी जिथे तळं होतं तिथे चिखलात तडफडणारे मासे तेवढे उरले. महिन्याभरात माणसं डोक्यावर भांडी घेऊन दुसऱ्या खोऱ्यांकडे चालू लागली. घोडेस्वारही गेला.

महाराज आले तेव्हा ढोलताशे नव्हते. ते बांधावर चढले. फुटलेल्या जागी त्यांना दिसलं, की घुशींनी मागून आतपर्यंत बिळं केली होती. हे एका पावसाळ्यातलं काम नव्हतं. त्यांनी धनगरणीला बोलावून विचारलं, "तुझी मेंढरं रोज इथे असतात. ही बिळं तुला दिसली नाहीत?"

"दिसली की. बांध फुटायच्या तीन वर्सं आदी दिसली," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

धनगरणीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "सांगायलाच आले व्हते, महाराज. बोलणीच्या दिवशी. तुमी बसला व्हता."

महाराजांना तो दिवस आठवला. ही उभी राहिली होती, हिनं तोंड उघडलं होतं आणि आपण हसून विचारलं होतं. ते तिथेच फुटक्या बांधावर खाली बसले. लोक आपल्यावर माया करतात म्हणून गप्प आहेत, असं तेव्हा वाटलं होतं. त्या मायेपायीच लोकांनी आपलं तळं घालवलं, हे महाराजांना आता कळलं, आणि फार उशिरा कळलं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवंडी पिटवली, की आज महाराज स्वतः बोलणी खायला बसणार आहेत, ज्याला जे बोलायचं ते बोलावं. सकाळी ते एकटेच चौथऱ्यावर जाऊन बसले. खोऱ्यात उरलेली माणसं आली. ज्यांची शेतं गेली होती ती आली, ज्यांच्या विहिरी बुजल्या होत्या ती आली. एकेकानं पुढे होऊन वाकून नमस्कार केला. कुणी म्हणालं, महाराजांनी मनाला लावून घेऊ नये. कुणी म्हणालं, नशीबच खोटं. एका बाईनं घरात उरलेल्या दोन भाकऱ्यांतली एक त्यांच्यापुढे ठेवली.

शेवटी धनगरीण आली. महाराज तिला म्हणाले, "तू तरी बोल. मला शिव्या दे."

तिनं घोंगडी सावरली. मग म्हणाली, "महाराज, बोलणी आपल्या माणसाला घालत्यात. त्यो घोडेस्वार आमचा पोरगा व्हता. त्याला आमी त्या दिवशी चार शब्द सुनावलं असतं, तर त्यो चांगला पाटकरी झाला असता. शिकला असता. तुमी त्याला तुमचा केला, आन् आमचं तोंडच ऱ्हायलं न्हाई." एवढं बोलून तिनं हात जोडले. "तुमाला काय बोलायचं? तुमी राजं हाय."

दिवस मावळेपर्यंत महाराज तिथे बसून होते. आणखी कुणी काही बोललं नाही.

राजधानीत परतल्यावर त्यांनी हुकूम काढला, की आपण किंवा आपल्या गादीवर बसणारं कुणीही, कुठल्याही खोऱ्यात बोलणीच्या दिवशी पाऊल ठेवणार नाही. तो हुकूम त्यांनी जन्मभर पाळला. बांध बांधायला त्यांनी माणसं पाठवली, दगड पाठवले. चार वर्षांनी तळ्यात पुन्हा पाणी साठलं आणि गेलेल्यांपैकी अर्धीमुर्धी घरं परत आली.

मग पुन्हा बोलणीचा दिवस आला. महाराज राजवाड्यातच राहिले, पण काय झालं ते कळावं म्हणून त्यांनी जुन्या पाटकऱ्याकडे निरोप्या धाडला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. महाराजांनी विचारलं, "बोलले का लोक?"

निरोप्या म्हणाला, "बोलले, महाराज. पण तोंड उघडायच्या आधी प्रत्येक जण मागे वळून रस्त्याकडे बघत होता, तुम्ही तर येत नाही ना म्हणून."

तात्पर्य: ज्याच्यासमोर माणसं गप्प होतात, त्यानं माणसं जिथे बोलायला जमतात तिथे जाऊन बसू नये.