अडकलेली फळी

त्या राज्यात उत्तरं विहिरीच्या तळाशी राहत, आणि विहिरीचं तोंड जेमतेम वीतभर होतं. प्रश्न फळीवर कोरायचा, दोराला बांधून सोडायचा. तळाला टेकला तरच उत्तर घेऊन वर येई. पण कासवगुरुजींच्या शाळेत फळी जितकी रुंद तितक्या टाळ्या जास्त. त्यामुळे कठड्याशी फळ्यांचा ढीग साचला होता आणि दोर वर्षानुवर्षं कोरडे होते.

टिटवीची अंडी दोन उन्हाळे नासली होती. यंदा तिनं नदीच्या वाळूत पुन्हा चार घातली होती आणि ऊन रोज चढत होतं. तिनं फळी कोरली : ‘जगात दुःख का आहे?’ शाळेनं टाळ्या वाजवल्या. फळी विहिरीच्या तोंडावर आडवी बसली.

टिटवी फळीपाशीच बसून राहिली. दुसऱ्याच्या घरट्यात डोकावल्याशिवाय जिला घास उतरत नसे ती शेजारची साळुंकी जवळ आली.

“कुणाचं दुःख गं?”

“माझंच, मावशी.”

“कसलं?”

“अंडी टिकत नाहीत.”

“पलीकडची टिटवी तर पिल्लं मिरवत होती मागच्या साली.”

“ती खडीत घालते. मी वाळूत.”

“बरं, आणि नासतात कधी? पहाटे?”

“नाही. दुपारी तापतात, मग नासतात.”

बोलता बोलता ती चोचीनं फळीचे काठ तासत होती. शेवटी बोटभर पट्टी उरली. तिच्यावर तिनं नव्यानं कोरलं : ‘दुपारी वाळूतलं अंडं खडीतल्या अंड्याआधी का तापतं?’

“एवढासाच?” शाळेतले ससे हसले. टाळी कुणीच वाजवली नाही.

पट्टी मात्र सरळ आत गेली. दोर सुटत राहिला, सुटत राहिला, आणि खाली टेकला. वर आली तेव्हा पट्टीवर एक ओला, गार खडा होता.

टिटवीनं दिवसभर नदीतले खडे वाहिले, अंड्यांभोवती रचले. रोज दुपारी पोटाची पिसं पाण्यात भिजवून ती वर बसू लागली. काही दिवसांनी वाळूत चार पिल्लं धावताना दिसली. साळुंकीनं चारही वळून वळून पाहिली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर कासवगुरुजी कठड्याशी आले. ढिगाच्या अगदी तळची फळी त्यांनी ओढून काढली. दाराएवढी रुंद, त्यांच्याच तरुणपणीची : ‘काळ म्हणजे काय?’ ती साळुंकीपुढे ठेवून त्यांनी मान आत घेतली.

“बसा, गुरुजी,” साळुंकी सरकून म्हणाली. “कुठला दिवस सरत नाही तुम्हाला?”