आहेरातली कादंबरी

गावच्या वाचनालयात स्थानिक लेखकांच्या गप्पा रंगल्या होत्या. दर्शनी कपाटात एकाच पुस्तकापुरती जागा उरली होती आणि कादंबरीकार गुळवणीसरांनी ती मनातल्या मनात केव्हाच बळकावली होती. शेजारी अंग चोरून बसली होती शलाका, गावाची नवी सून. सासरच्या गमतींवर तिचं पहिलंच, पापडाएवढं पातळ पुस्तक आलं होतं.

"आमची कादंबरी गावात घरोघरी आहे," सर मिशीत हसले. "तुमचं काय हो, सूनबाई?"

"खरंय, सर. आमच्याकडेही आली, लग्नाच्या आहेरात. पहिल्या पानावर आधीच्या जोडप्यांची नावं खोडलेली होती. आम्हीही रीत मोडली नाही, पुढच्या लग्नात देऊन टाकली."

सगळे खो खो हसले. सर चिडले, "आणि तुमचं?"

"माझं कसलं घरोघरी! सगळे गठ्ठे सासूबाईंनी ट्रंकेत कोंडून कुलूप लावलंय. दुपारी दार लावून स्वतः मात्र वाचतात. मधेच हसल्याचा आवाज येतो."

ग्रंथपाल उठले. "ठरलं! कपाटातली जागा तुमची. उद्या प्रत आणा."

"जागा घेते, काका," शलाका म्हणाली, "पण प्रत मागायला तुम्हीच या. माझी नाही हिंमत."