शिळेवरची तांबडी रेघ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही. डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं आणि त्याच्या राजधानीत, चावडीसमोर, एक भलीमोठी काळी शिळा उभी होती.

कुणाला काही नवं सापडलं, एखादं औषध म्हणा, बियाणं टिकवायची युक्ती म्हणा, की ते त्या शिळेवर कोरलं जाई. मग दवंडीवाले तेच गावोगाव सांगत. शिळेवर आलं म्हणजे खरं, असं लोक धरून चालत. पोराबाळांच्या तोंडात औषध घालायचं तेही शिळेच्या भरवशावर.

म्हणून तिथला नियम कडक होता. कोरण्याआधी एका जाणत्या माणसाने साक्षी व्हायचं. साक्षीने सगळं सामान स्वतः गोळा करायचं, आपल्या चुलीवर आपल्या हाताने करून बघायचं आणि मगच ‘होय’ म्हणायचं. कोरलेलं पुढे चुकीचं निघालं, तर ते खरवडायचं नाही. त्यावर गेरूची तांबडी रेघ ओढायची आणि ज्याने ते कोरू दिलं, त्याने गावोगाव जाऊन आपल्या तोंडाने चूक सांगायची. शिळा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला शिळापाल म्हणत. त्याच्या हातून आजवर एकही रेघ ओढली गेली नव्हती, आणि त्याचा त्याला जरा ताठाही होता.

एका वर्षी दुष्काळ पडला. कणग्या रिकाम्या झाल्या. डोंगरात कडू कंद उदंड होता, पण तो विषारी. त्याचे काप उकडून कितीतरी दिवस वाहत्या पाण्यात ठेवावेत, तेव्हा कुठे विष उतरे. आणि वाहतं पाणी आणायचं कुठून? ओढे तर कधीचे आटले होते.

अशात एक तरुण वैद्य शिळापालाकडे आला. हा त्याचाच एके काळचा शिष्य.

“गुरुजी, कंद राखेच्या पाण्यात एकदा उकडला की विष जातं. वाहतं पाणी लागतच नाही! लवकर कोरा, लोक उपाशी आहेत.”

राजाचाही निरोप आला, लवकर कोरा. राजाला दया आली म्हणता? थोडी आली असेल. पण लोकांचं पोट कंदावर भरलं तर धान्याचं सरकारी कोठार उघडावं लागणार नव्हतं, हेही त्याच्या ध्यानात होतं.

साक्षी म्हणून एका वृद्ध वैद्याला नेमलं. माणूस सज्जन, पण गुडघ्यांनी बेजार. डोंगर चढून कंद खणायचा कसा, या विवंचनेत तो होता, तोच तरुण वैद्याने अगत्याने कंदांची पाटीच घरपोच पाठवली. साक्षीने त्यातला कंद उकडला, खाल्ला. काही झालं नाही. “होय,” तो म्हणाला.

‘कंद कुठून खणलात?’ असं शिळापालाने विचारायला हवं होतं. दर वेळी तो असलं काहीबाही विचारून साक्षीला भंडावून सोडी. या खेपेला गप्प राहिला. शिष्य आपला, राजा घाईत, लोक भुकेले. कशाला फाटे फोडा, असं त्याला वाटलं. छिन्नी चालली आणि दवंड्या सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साक्षी धापा टाकत आला.

“घात झाला! काल घरच्यांनी पश्चिमेच्या उतारावरचा कंद आणला. मी तसाच राखेच्या पाण्यात उकडला. घास कडवट लागला म्हणून थुंकलो, पण उरलेलं शेळीने खाल्लं. ती थरथरून पडली आणि मेली.”

“आणि पहिला कंद कुठला होता?”

साक्षीची मान खाली गेली. “त्यानेच पाठवलेला. पाटीतला.”

 शिळापालाने तडक तरुण वैद्याला बोलावलं.

“माझा कंद पूर्वेच्या उतारावरचा,” वैद्य म्हणाला. “तो मुळातच कमी कडू असतो.”

“पश्चिमेचा करून पाहिला होतास?”

वैद्य घुटमळला. “एकदा. बोकड आजारी पडला. पण बाकी प्रत्येक वेळी नीट जमलं होतं, गुरुजी! त्या एका वेळेचं काय सांगत बसायचं?”

“अरे, तेवढंच तर सांगायचं होतं!” शिळापाल ओरडला.

राजाच्या कानावर गेलं. राजा म्हणाला, “गुपचूप खरवडून टाका. रेघ दिसली तर शिळेवर विश्वास कोण ठेवील? आणि तुमच्या इतक्या वर्षांच्या नावाचं काय?”

नावाचं ऐकून म्हातारा क्षणभर थांबला. खोटं कशाला सांगू, मोह झाला त्याला. मग तो म्हणाला, “महाराज, खरवडलं तर शिळेवरून जाईल. लोकांच्या चुलीवरून कसं जाईल?”

त्याने गेरूत हात बुडवला, बोटाने रेघ ओढली आणि घोडा मागवला. इतर गावांकडे स्वार धाडले. पश्चिमेच्या उतारावरच्या गावाकडे मात्र तो स्वतः निघाला. तिथे दवंडी सर्वांत आधी पोचली होती आणि दुपारी सगळ्या गावाचं एकत्र जेवण होतं.

तो पोचला तेव्हा पंगत बसली होती. पत्रावळींवर वाफाळता कंद वाढला होता.

“खाऊ नका!” तो घोड्यावरूनच ओरडला. “मी शिळापाल! त्यात विष आहे!”

कुणी हललं नाही. मांडीवर लेकरू घेतलेली एक बाई, हातात घास तसाच धरून म्हणाली, “काल तुमच्याच नावानं दवंडी आली, खावा म्हणून. आज तुम्हीच म्हणताय खाऊ नका. आम्ही ऐकायचं कुणाचं?”

“काल मी न विचारता बोललो, बाई. आज विचारून आलोय. चूक माझी आहे.”

“चूक तुमची, अन् उपास आमचा व्हय?”

 म्हातारा खाली उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. “तुला खायचंच असेल तर पहिला घास मला दे. माझं काय होतंय ते बघ, मग लेकराला भरव.”

बाईने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिचा हात थबकला.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाला पाटलांची पत्रावळ उलटली. मानाचा पहिला घास त्यांचा होता, तो त्यांनी केव्हाच घेतला होता. ते काही सांगू पाहत होते, पण जीभ वळत नव्हती. बाईने हातातला घास दूर भिरकावला आणि लेकराला छातीशी घट्ट धरलं. साऱ्या पंगतीने पत्रावळी लोटून दिल्या.

पाटील वाचले. पण त्यांचा उजवा हात जन्मभर कापत राहिला.

मग राजाला कोठार उघडावंच लागलं. वृद्ध साक्षीने पुन्हा कधी साक्ष दिली नाही. शिळापाल दुखऱ्या पायांनी गावोगाव हिंडून आपली चूक सांगत राहिला, आणि पाटलांच्या दारी दोनदा गेला. तरुण वैद्याला छिन्नी देऊन रेघेखाली एक ओळ कोरायला लावली: पश्चिमेच्या कंदाने बोकड आजारी पडला. कोरायला फार वेळ लागला नाही.

राजाला वाटलं होतं तसं मात्र घडलं नाही. लोक शिळेकडे येत राहिले. मांडीवरचं ते लेकरू मोठं झालं तेव्हा त्याच्या आईने त्याला आधी ती तांबडी रेघ दाखवली आणि म्हणाली, “इथं चुकलं तर सांगत्यात. म्हणून बाकीचं वाच.”

तात्पर्य: न पारखता दिलेली साक्ष दुसऱ्याच्या ताटात विष वाढते, आणि चूक झाकणारा तेच विष पुन्हा वाढतो.