डोंगराचा वाटा

राजे विक्रांतरावांना बागेतल्या कारंज्यांसाठी अख्खा ओढा हवा होता. वरच्या वाडीचा सगळा जीव त्याच पाण्यावर! भर आषाढात वाडीच्या सगुणा पाटलिणीनं दरबार गाठला.

"महाराज, पावसाचं वाहून येणारं सगळं पाणी तुमचं. डोंगर देईल तेवढंच आमचं."

राजे खदखदून हसले. "दगड काय देणार? दिला शब्द!"

चैत्रात ओढ्याची बारीक धार वाडीनं शेतांकडे वळवली आणि कारंजी बंद पडली. राजे तणतणत डोंगर चढून आले.

"आमचं पाणी अडवता?"

"शेवटचा पाऊस कधी पडला, महाराज?" पाटलिणीनं तांब्या पुढे केला. "हे डोंगरानं पोटात साठवून दिलेलं. दमलात, आमच्या वाट्यातलं घोटभर घ्या."