न म्हटलेलं आमेन

त्या रविवारी धुकं असं उतरलं होतं की ओढा कुठं आणि रस्ता कुठं, काही कळत नव्हतं. चिंचेचं एवढं मोठं झाड, तेही गेलं होतं. माणूस येताना दिसायचा नाही. आधी खोकला ऐकू यायचा, मग घोंगडी दिसायची, आणि मग घोंगडीतला माणूस.

अशा त्या गावात एक पाळक राहत होते. ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला पाळक म्हणतात. यांचं नाव हनोख भिंगारदिवे. ओढ्याच्या पलीकडं ख्रिस्ती मंडळींची वस्ती, दोनचार घरं इतरांची, आणि मधोमध पत्र्याचं छोटं चर्च. पाळक मनानं चांगले होते. कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचे, कुणी मेलं की खड्डा खणायला स्वतः कुदळ घ्यायचे.

वस्तीचं एक दुखणं होतं, पाण्याचं. गावात नळ आला होता, पण ओढ्याच्या अलीकडंच थांबला होता. पलीकडच्या बायांना पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर जावं लागायचं. पायऱ्या शेवाळलेल्या, आणि डोक्यावर हंडा. मागल्या साली तबिथाबाई तिथंच घसरली. कमरेचं म्हातारं हाड, मोडलं ते नीट बसलंच नाही. पाळकांनी आणि तिघांनी तिला बाजेवर घालून वर आणलं होतं. तेव्हापासून ती काठीवर आली, आणि तेव्हापासून पाळकांच्या मनाला नळ चिकटला तो चिकटलाच.

आता गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सरपंचपदाला दोघं उभे होते, विश्वासराव वाबळे आणि बन्सी दरंदले. गुरुवारी विश्वासराव पाळकांच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पाळकसाहेब, नळ ओढा ओलांडील. दोन महिन्यांत. तुम्ही फक्त रविवारी माझं नाव घेऊन प्रार्थना करा, की हा निवडून येऊ दे."

पाळक म्हणाले, "देवाला नाव सांगावं लागत नाही."

"देवाला नसेल लागत," विश्वासराव म्हणाले. "वस्तीला लागतं."

पाळकांना तबिथाबाईची बाज आठवली. ते हो म्हणाले. वस्तीच्याच भल्याचं आहे, असं त्यांनी मनाला समजावलं. मन समजलं.  

तर तो धुक्याचा रविवार उजाडला. विश्वासराव आपली दोन माणसं घेऊन पुढच्याच बाकावर बसले. दार उघडं होतं, त्यातून धुकं आत आलं होतं आणि बाकांमधून फिरत होतं.

त्या चर्चची एक रीत होती. प्रार्थना पाळकांनी करायची, पण ती पुरी व्हायची मंडळीच्या 'आमेन'नं. आमेन म्हणजे तसंच होवो. पाळकांनी मागितलं तर ते एकट्याचं मागणं. सगळ्यांनी आमेन म्हटलं की ते सगळ्यांचं झालं. आणि पहिलं आमेन असायचं तबिथाबाईचं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ती म्हणायची, आणि तिच्यामागून सगळे म्हणायचे. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

पाळकांनी डोळे मिटले. आजाऱ्यांसाठी मागितलं, परगावी गेलेल्यांसाठी मागितलं. मग घसा साफ करून म्हणाले, "हे दयाळू बापा, आमच्या गावच्या विश्वासराव वाबळे यांना या निवडणुकीत यश दे. येशूच्या नावाने मागतो."

आणि थांबले.

आमेन आलं नाही.

पाळकांना वाटलं, म्हातारीला ऐकू गेलं नसेल. त्यांनी एक डोळा किलकिला केला. तबिथाबाई हात जोडून बसली होती. डोळे मिटलेले, ओठही मिटलेले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. आणि तिच्यासाठी सगळी मंडळी थांबली होती. पत्र्यावरून दंवाचा एक थेंब पडला, त्याचा आवाज झाला. मग दुसरा पडला. दूर कुणाचं तरी करडू ओरडलं आणि तेही गप्प झालं.

आपणच आमेन म्हणून टाकावं, असं पाळकांच्या मनात आलं. त्यांनी तोंडही उघडलं. पण आवाज फुटेना. इतकी वर्षं ते देवाच्या त्या घरात बोलत आले होते, आणि आज पहिल्यांदा त्या घरानं त्यांचं ऐकून घेऊन उत्तर दिलं नव्हतं. त्यांना वाटलं, इथं कुणीतरी फार मोठं येऊन उभं राहिलंय. रागावलेलं नाही. नुसतं वाट बघतंय. त्यांच्या अंगावर काटा आला. 

शेवटी ते कसेबसे म्हणाले, "गीत म्हणू या."

बाहेर पडताना विश्वासराव दारात थांबले. "तुमच्या मंडळींची झोप झालेली नाही वाटतं," एवढंच म्हणाले आणि धुक्यात निघाले. चार पावलांत दिसेनासे झाले.

दुपारी ऊन पडलं, तसे पाळक तबिथाबाईच्या घरी गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. पाळकांच्या मनात राग होता. चांगली माणसंही रागावतात. त्यात लाज मिसळली की जरा जास्तच रागावतात.

"सलाम, साहेब," ती म्हणाली.

"सलाम कसला, बाई? मी कुणासाठी केलं ते? तुमच्याच कमरेसाठी ना?"

"बसा आधी. शेंगा खा."

पाळक बसले नाहीत. तबिथाबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मग सावकाश बोलायला लागली. हे ध्यानात घ्यायला पाहिजे की ती त्या गावची सुईण होती. दवाखाना लांब, रस्ता वाईट, म्हणून ओढ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे तिलाच बोलवायचे.

"वाबळ्याचा इस्वास उलटा आला व्हता," ती म्हणाली. "पाय आधी. सकाळपासून दिवस कलेपत्तुर त्याची आई वरडत व्हती. म्या हात लावला आन देवाला म्हणलं, ह्याला आन ह्याच्या आईला सांभाळ. साहेब, तवा म्या काय नाव घेतलं असंल? नाव ठिवलंच नव्हतं."

तिनं दुसरी शेंग फोडली.

"आन बन्सी. तो आला तो निळा. रडंना. उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. त्याच्यासाठी बी तेच म्हणलं. दुसरी प्रार्थना मला येतच नाय. दोघांसाठी एकच केलेली हाय म्या. आता एकाला वर कर म्हणायचं, म्हंजी दुसऱ्याची मागं घ्यायची. ती कशी घिऊ?"

पाळकांनी तिच्या हातांकडं पाहिलं. वाळक्या काटक्यांसारखी बोटं, नखांत शेंगांची माती. हे हात त्यांनी हजार वेळा पाहिले होते. आज त्यांच्या लक्षात आलं, की गावातलं निम्मं माणूस जगात पहिल्यांदा टेकलं ते या हातांवर. कोण कुठल्या जातीचं, कोण कुठल्या पक्षाचं होणार, हे ठरायच्या आधी. आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून एक बिननावाची प्रार्थना गेलेली होती, ती त्या माणसाला आजतागायत ठाऊक नव्हती. पाळकांनी पंचवीस वर्षं उपदेश केला होता. तो सगळा त्यांना एकदम फार छोटा वाटला.

अंगणातच उभे होते ते. तरी नकळत त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि मातीत बसले.

एक शेंग उचलत म्हणाले, "मग नळाचं काय, बाई?"

"नळ पाहिजेच की. मागा ना. इस्वासला कान हायेत, तुमाला तोंड हाय. मधी देवाला कशाला दलाल करता?"

दुसऱ्या दिवशी पाळक विश्वासरावांच्या वाड्यावर गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "माझी प्रार्थना चुकली. येत्या रविवारी मी तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करणार आहे."

विश्वासराव पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "करा की. मग नळही दोघांकडून अर्धा अर्धा घ्या."

त्या रविवारी पाळकांनी मंडळीची माफी मागितली. मग दोघांची नावं घेऊन म्हणाले, "जो जिंकेल त्याला फुगू देऊ नकोस. जो हरेल त्याला एकटं पडू देऊ नकोस." या वेळी तबिथाबाईचं आमेन असं खणखणीत आलं की आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या.

पण आमेननं हंडा भरत नाही. सोमवारी विहिरीवर बायांनी पाळकांना गाठलं. त्यांतली एक म्हणाली, "दोघांसाठी मागितलंत, ब्येस केलंत. आता हंडा कुणी उचलायचा, तेवढं सांगा."

तिचं काही चुकलं नव्हतं. पाळक घरी आले आणि त्यांनी कावड बांधली. बांबूच्या दोन टोकांना दोन डबे. पहिल्याच दिवशी खांदा सोलून निघाला. शेजारी रज्जाक मणियार राहायचा, बांगड्यांचा पेटारा घेऊन गावोगाव हिंडणारा. त्यानं पाळकांना फडक्याची चुंबळ करून खांद्यावर कशी ठेवायची ते दाखवलं. म्हणाला, "देवाचं ओझं उचलायची सवय वेगळी, पाण्याची वेगळी."

म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पाळक रोज पाणी टाकू लागले. चावडीवरची पोरं विचारायची, "पाळकसाहेब, कोणत्या पक्षाचं पाणी हे?"

"विहिरीचं," पाळक म्हणायचे आणि पुढं व्हायचे.

निवडणूक झाली. विश्वासराव निवडून आले.  नळ पाच वर्षं लांब गेला, असं वस्तीत प्रत्येकाला वाटलं.

मग सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आली. झेंडावंदन झालं आणि लोक शाळेच्या पटांगणात बसले. पाळक कधीच ग्रामसभेला गेले नव्हते. आपलं काम चर्चमध्ये, असं ते समजायचे. त्या दिवशी ते गेले. वस्तीतले पुष्कळ जण त्यांच्यामागून गेले. तबिथाबाईही काठी टेकत गेली आणि बायांमध्ये पुढं जाऊन बसली.

पाळक उभे राहिले, तसे खुर्चीवरून विश्वासराव म्हणाले, "बोला पाळक. आज कुणासाठी प्रार्थना?"

लोक हसले. पाळकही थोडे हसले.

"आज प्रार्थना नाही, सरपंचसाहेब. मागणी आहे. ओढ्यापलीकडं याच गावची माणसं राहतात. त्यांना पाणी पाहिजे. मत दिलं म्हणून नाही, आणि नाही दिलं म्हणून नको असंही नाही. गावचं पाणी आहे, गावची माणसं आहेत, म्हणून. हे लिहून घ्या आणि काय ते सगळ्यांसमोर सांगा."

ग्रामसेवकानं सरपंचांकडं पाहिलं. पाळक उभेच राहिले. एवढ्यात मागून कुणीतरी उठलं. बन्सी दरंदले. हरल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. आज झेंड्यासाठी आला होता आणि सगळ्यांच्या मागं बसला होता.

"माझं अनुमोदन लिहा," तो म्हणाला.

मग इकडून एक हात वर झाला, तिकडून एक झाला. अलीकडचे लोक होते ते, ज्यांच्या दारात नळ होता. पाळक बघतच राहिले. यातल्या कुणाशी ते काही बोलले नव्हते. कुणाला काही द्यायचं कबूल केलं नव्हतं. तरी हात वर होत होते, एकामागून एक, पेरलेलं वर यावं तसे.

विश्वासरावांनी त्या हातांकडं पाहिलं. मग त्यांची नजर तबिथाबाईवर गेली. ती नुसती त्यांच्याकडं बघत होती, आई बघते तशी. ओट्यावर एकट्याशी सौदा करणं सोपं असतं. सगळ्या गावासमोर, दिवसाउजेडी, नाही म्हणायला जड जातं. माणूस काही मुळात वाईट नव्हता.

"लिहा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "ठराव करा."

चैत्रात नळानं ओढा ओलांडला. पहिल्या दिवशी तोटी खाकरली, गढूळ पाणी ओकली, आणि मग स्वच्छ धार लागली. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. पाळकांनी धारेखाली ओंजळ धरली आणि तशीच धरून ठेवली. पाणी बोटांतून सांडत होतं, आणि ते पिण्याचंच विसरले होते.

रज्जाक मणियार घागर घेऊन त्यांच्या मागं रांगेत उभा होता. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग जे म्हटलं तेच या गोष्टीचं सार.

तात्पर्य: "सरका पाळकसाहेब, मागं रांग हाय. पण एक शिकलो तुमच्याकडून. देवापाशी मागायचं तर सगळ्यांसाठी मागावं, आणि माणसापाशी मागायचं तर सगळ्यांसमोर मागावं."