भरतच्या घरची हाळी

नदीवर पूल होऊन काही वर्षे लोटली होती, अशा एका गावात एकदा एक तरुण शिक्षक दुसरीच्या वर्गाला शिकवीत असे. त्याचे वृद्ध गुरुजी त्याच गावात राहत. ज्या शाळेत त्यांनी त्याला बाराखडी गिरवायला लावली होती, तिथेच आता तो त्यांच्या जागी उभा राहत होता. काही अडले, किंवा काही चांगले घडले, की संध्याकाळी तो त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे.

या शिक्षकाने वर्गात एक रीत पाडली होती. रोज सकाळी फळ्याच्या एका कोपऱ्यात तो ‘आपली बातमी’ लिही. ही बातमी वर्तमानपत्रातली नसे, मुलांनी घरून आणलेली असे. आमच्या म्हशीला रेडकू झाले. सुरेखाचा पुढचा दात पडला. कधी कधी बातमीवरून भांडण होई.

“सर, ह्याची बातमी खोटी हाय. ह्याच्या मामानं मोटार घेतली न्हाई, नुसता बसला व्हता तिच्यात!”

“बसला तरी बातमीच की!”

शिक्षक हसे आणि ‘मामा मोटारीत बसला’ असे लिहून टाकी.

दुसरी रीत शनिवारची होती. दर शनिवारी एका मुलाच्या घरचे मोठे माणूस वर्गात येई आणि त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक गोष्ट मुलांना दाखवी. कुणाच्या आजोबांनी अंबाडीचा दोर वळून दाखवला. कुणाच्या आत्याने गोधडीचे टाके घालून दाखवले. आपण कुणाचे आहोत हे मुलांना कळावे, एवढाच शिक्षकाचा हेतू होता, आणि तो हेतू शुद्ध होता.

वर्गात भरत नावाचा एक मुलगा होता. तो नावाड्याच्या घरचा. पूल होण्यापूर्वी त्याचा बाप, आजा, पणजा याच नदीवर नाव चालवीत. भरत आपल्या पाळीची फार वाट पाहत होता.

“आमच्याकडं दाखवायला काय न्हाई सर. ऐकवायचं हाय,” तो सांगे.

“काय ऐकवणार?” असे विचारले की दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून डोळ्यांनी हसे.

त्याची पाळी दिवाळीनंतर यायची होती. भाद्रपदात त्याला ताप भरला. त्याला पुलावरून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. वेळेवर नेले. तो परत आला नाही.

त्या सकाळी फळ्याचा कोपरा रिकामा राहिला.

“सर, आज बातमी न्हाई लिवायची?” एका मुलीने विचारले. बातमी वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. शिक्षकाने खडू खाली ठेवला, हात पुसले आणि मुलांना पाढे म्हणायला लावले.

दिवाळी झाली. भरतची पाळी असलेला शनिवार जवळ आला, तेव्हा त्याच्या पुढच्या मुलाच्या घरी निरोप धाडावा असे शिक्षकाने मनाशी ठरवले. निरोप धाडण्याआधीच एके दुपारी भरतचा बाप खंडू वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. चपला त्याने पायरीखालीच काढल्या होत्या.

“सर, ह्या शनवारी आमची पाळी हाय.”

शिक्षक खुर्चीवरून उठून दाराशी आला.

“आमचं नाव काढलं न्हाई न्हवं?”

“नाही,” शिक्षक म्हणाला. “तुम्ही या.”

शनिवारी खंडू आला. धुतलेला सदरा घालून आला. फळ्यापाशी उभा राहून त्याने मुलांना सांगितले, “आमची गोष्ट म्हंजे हाळी. लांबनं मारलेली हाक. पूर्वी दिवस मावळायला आला की नावाडी शेवटची खेप घेऊन निघायचा, आन्‌ नदीच्या मधनं हाळी द्यायचा. हरेक नावाड्याच्या घरची हाळी निराळी. काठावरच्या घरात ती ऐकली की बायामाणसांना कळायचं, आपलं माणूस सुखरूप येतंय. मग ती पाय धुवायला पाणी तापत ठेवायची. चिखलपाण्यात दिवसभर पाय गारठल्यालं असायचं न्हवं का. पूल झाला, नावा गेल्या. हाळी तेवढी ऱ्हायली.”

त्याने हात तोंडाशी धरला आणि हाळी दिली. आधी एक लांब सूर, हळूहळू खाली उतरणारा. मग शांतता. मग दोन तोकडे, वर चढणारे. खिडकीतला कावळा उडून गेला. मुले खदखदून हसली.

“काका, एवढी लांब हाक! नाव लई हळू चालत व्हती काय तुमची?”

खंडूही हसला. “नाव पळायची रं. नदीच रुंद व्हती.”

“मधी का थांबायचं?”

“घरचं ऐकतंय का, ते बघाया.”

मुलांनी हाळी दिली. पहिल्यांदा गोंगाट झाला, दुसऱ्यांदा थोडी जमली, आणि मधली सुट्टी व्हायच्या आत सगळ्या वर्गाला ती आली. “भरतला शिकायला आख्खा पावसाळा लागला व्हता,” खंडू म्हणाला, आणि बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत उभा राहिला. जाताना त्याने शिक्षकाचे दोन्ही हात हातात घेतले.

सोमवारी फळ्यावर बातमी आली: ‘भरतच्या घरची हाळी आता आपल्या सगळ्यांना येते.’ त्या दिवसापासून शाळा सुटली की मुले पुलाच्या कठड्याशी उभी राहत आणि नदीवर हाळी देत. गावातली म्हातारी माणसे हातातले काम थांबवून ऐकत. कित्येक वर्षांनी ऐकू आली, असे एकमेकांना सांगत.

शिक्षक समाधानाने गुरुजींच्या ओट्यावर गेला आणि घडले ते सारे त्याने सांगितले. “एक घर तुटलं गुरुजी,” तो म्हणाला, “पण त्या घरचा ठेवा तुटला नाही. एवढं तरी आपल्या हातून झालं.”

गुरुजींनी विचारले, “हाळी कुणी ऐकली?”

“सगळ्या गावानं.”

“गावानं ऐकली ते मलाही माहीत आहे. मी विचारतो, कुणी ऐकली?”

शिक्षकाला प्रश्न समजला नाही. गुरुजी म्हणाले, “उद्या शाळा सुटली की मुलांच्या आधी बाहेर पड. आपल्याला खंडूच्या घरी जायचं आहे.”

दुसऱ्या दिवशी दोघे गेले. खंडू साखर कारखान्यावर कामाला होता आणि दिवस मावळल्यावर बऱ्याच वेळाने परत येई. अंगणात त्याची बायको शेवंता भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पलीकडे तीन दगडांची चूल होती आणि चुलीपाशी एक तपेले.

“या गुरुजी. सर, बसा. ह्या पोत्यावर बसा, खाली खडं हायत,” ती म्हणाली. “चहा टाकू का? दूध न्हाई, कोराच व्हईल.”

“नको, शेवंता. सहज आलो. शेंगा बऱ्या आल्या यंदा?”

“कशाच्या बऱ्या? निम्म्या पोचट. पाऊस नको तवा पड—”

पुलाकडून हाळी आली.

शेवंताचे वाक्य तिथेच राहिले. ती उठली. तिने घागरीतले पाणी तपेल्यात ओतले, ते चुलीवर ठेवले, काटक्या आत सारल्या आणि फुंकर घातली. जाळ पेटला. मग ती तशीच उभी राहिली. काठीसारखी ताठ, दोन्ही हात मोकळे सोडून. नदीवर मुलांनी पुन्हा हाळी दिली. हसली. पांगली.

“रोजचंच झालंय,” ती चुलीकडे पाहत म्हणाली. “शाळा सुटली की भरत काठच्या झाडीतनं अशीच द्यायचा, मला ऐकू येईल एवढीच. येईस्तवर पाणी ऊन व्हायचं. चिखलातनंच यायचा ना, वाट सोडून. आता कान ऐकत्यात आन्‌ पाय उठत्यात. डोकं मागनं येतं.”

शिक्षक पोत्यावरून अर्धवट उठला. “मला सांगितलं असतंत तर मी मुलांना...”

“नगा सर. पोरांला काय बोलू नगा.” ती पहिल्यांदाच वळली. “ह्यांला बी काय सांगू नगा. त्या शनवारी शाळेतनं आलं, आन्‌ पोटभर जेवलं. भाद्रपदापासनं पयल्यांदा. पोरं हाळी देत्यात ती कारखान्यावरची माणसं बी ह्यांला सांगत्यात. तेवढ्यावर दिस काढत्यात.”

“मग या पाण्याचं काय करता?” शिक्षकाने विचारले.

“काय करायचं? देते वतून परड्यात.”

पाणी तापले होते. वाफ दिसत होती. तिने ओतून देण्यासाठी पदराने तपेले धरले, तेव्हा गुरुजी पोत्यावरून उठले. ते चुलीपाशी गेले, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचून दगडावर बसले आणि त्यांनी पाय पुढे केले.

शेवंता त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग राग गेला आणि तिथे काहीच उरले नाही. तपेले दगडापाशी ठेवून ती म्हणाली, “कढत हाय. गार मिसळू का?”

“मिसळ थोडं.”

तिने पाणी मिसळले. गुरुजींनी सावकाश पाय धुतले, टाचा घासल्या, उपरण्याने कोरडे केले. पाणी संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग “येतो,” एवढेच म्हणून निघाले.

वाटेत शिक्षक म्हणाला, “गुरुजी, मला काही कळलं नाही. त्या आईसमोर तुम्ही तिच्या मुलाच्या पाण्यानं पाय धुतलेत!”

गुरुजी थांबले. “वारसा ही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गोष्ट आहे, असं आपण समजतो. खंडूनं दिला, मुलांनी घेतला, आणि आपल्याला वाटलं, वाचला. पण हाळी नुसती नदीवर नसते रे. तिचा अर्धा भाग घरात असतो, ऐकणाऱ्यापाशी. नदीवरचा अर्धा भाग तू साऱ्या वर्गाला वाटलास. घरातला तिच्या एकटीच्या वाट्याला आला. तो ती कुणाला वाटून देईल?”

“मी उद्याच मुलांना बंद करायला लावतो. ती नको म्हणाली तरी.”

“बंद केलंस तर लपून देतील. लपून, झाडीतून आलेली हाळी तिला अधिक खरी वाटेल. आणि खंडूचा घास पुन्हा घशात अडकेल. ज्यावर एक जगतो आहे, त्यानंच दुसरं रोज मरतं आहे. यातून वाट असती तर मी तुला दाखवली असती. मी पुष्कळ पाहिलं. मला दिसली नाही.”

“मग पाय कशासाठी धुतलेत?”

“पाणी तापलं होतं.”

“त्यानं तिचं दुःख कमी होईल?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “पाणी वाया जाणार नाही, एवढंच.” थोडे चालून गेल्यावर ते पुढे म्हणाले, “माझ्यानं रोज इतकं चालवत नाही.”

शिक्षकाला उमगले. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तो खंडूच्या अंगणात जाऊन बसू लागला. हाळी येई. शेवंता उठे, पाणी ठेवी. तो दगडावर बसून पाय धुई. ती गार पाणी मिसळून देई. क्वचित एखादे वाक्य होई, शेंगांचे, उन्हाचे. भरतचे नाव कुणी घेत नसे. हा सर रोज इथे कशाला येतो, असे गावात चार लोक बोलले. नंतर त्यांनीही बोलणे सोडले. थंडी गेली. शेवंताचा चेहरा जसा होता तसाच राहिला, आणि शिक्षकानेही त्यात बदल शोधणे सोडून दिले.

शिमगा आला. मुलांना टिमक्या मिळाल्या, आरोळ्यांचे नवे प्रकार मिळाले. हाळी विरळ झाली. मग एक दिवस शाळा सुटली, मुले पुलावरून टिमक्या बडवीत निघून गेली आणि नदीवर काहीच ऐकू आले नाही.

शिक्षक पोत्यावर बसून होता. शेवंता दाण्यांतले खडे निवडत होती. ऊन भिंतीवरून उतरले.

“इसरली पोरं,” ती म्हणाली.

“हो.”

“ल्हान हायत.”

त्या संध्याकाळी तो गुरुजींकडे गेला. मनावरचे ओझे थोडे उतरल्यासारखे त्याला वाटत होते, आणि तसे वाटल्याची लाजही वाटत होती. “गुरुजी, आज हाळी आली नाही. आता तिची सुटका झाली म्हणायची ना?”

गुरुजी नदीकडे पाहत होते. “आजवर ती हाळी साऱ्या गावाला ऐकू येत होती,” ते म्हणाले. “आता तिला एकटीलाच येईल.”

पुढच्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षक नेहमीच्या वाटेने गेला. मुले आधीच घरी पोहोचली होती. पुलावर कुणी नव्हते. नदी अंगणातून दिसत होती, उन्हाळ्याची, बारीक झालेली, निःशब्द. शेवंताने हातातले सूप खाली ठेवले. उठून तिने चुलीवर पाणी चढवले. शिक्षक दगडावर जाऊन बसला आणि त्याने चपला काढल्या.